बहिणींची इटली: एकच शहर, बोलोन्या (खाणे, खरेदी, भटकंती)

शेंडेफळ

इटलीला जाऊन आलेल्या मराठी मंडळींची वर्णने वाचली, तर बहुतेकांचा मार्ग ठरलेला दिसतो: रोम, फ्लॉरेन्स, वाटेत पिसाचा कललेला मनोरा, मग व्हेनिस आणि मिलानहून परतीचे विमान. पहिल्यांदाच युरोपला निघालेल्या कुटुंबासाठी हा मार्ग समजण्यासारखा आहे. परंतु बहिणी-बहिणींनी घरदार काही दिवस इतरांवर सोपवून केवळ एकमेकींसोबत खाण्यासाठी, खरेदीसाठी आणि निवांत भटकण्यासाठी निघायचे असेल, तर एक दिवसाआड बॅगा भरून गाडी गाठण्यातच निम्मी सहल खर्ची पडते, असे माझे मत आहे. म्हणून आम्ही तिघींनी एकच शहर निवडले, उत्तर इटलीतील बोलोन्या, आणि त्याची शिफारस करण्यासाठी हा धागा काढत आहे. थोरली बहीण, म्हणजे ताई, नाशिकहून आली, मी पुण्याहून गेले, आणि जर्मनीत स्थायिक असलेली मधली बहीण, जिला आम्ही माई म्हणतो, ती म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून येणाऱ्या थेट रेल्वेने आली.

मुंबईहून जाताना वाटेत एकदा विमान बदलावे लागते, पण उतरल्यावर काहीच त्रास नाही. २०२० पासून विमानतळ ते रेल्वे स्थानक अशी 'मार्कोनी एक्स्प्रेस' नावाची एकरुळी गाडी धावते आणि सुमारे सात मिनिटांत शहरात पोहोचवते. (बिनतारी संदेशवहनाचा जनक मार्कोनी याच शहरात १८७४ मध्ये जन्मला, विमानतळालाही त्याचेच नाव आहे.)

बोलोन्याची पहिली ओळख पायांना होते. रस्त्यांच्या कडेने 'पोर्तिको', म्हणजे कमानींच्या ओवऱ्या आहेत. त्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर असून त्यांपैकी सुमारे ३८ किलोमीटर एकट्या जुन्या शहरात आहेत. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. येथील विद्यापीठ आपली स्थापना १०८८ ची सांगते. त्याच्यामुळे आणि व्यापारामुळे बाहेरगावची माणसे वाढली, तशा घरमालकांनी वरच्या मजल्यावरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि त्यांना खालून खांबांचा टेकू दिला. पुढे १२८८ च्या नगरनियमाने नव्या घरांना अशी ओवरी बांधणे बंधनकारक झाले आणि घोडेस्वार खालून जाऊ शकेल इतकी तिची उंची ठरवून देण्यात आली. याचा बहिणींच्या सहलीशी काय संबंध, असे कोणी विचारेल, तर उत्तर असे की, ऊन असो वा पाऊस, छत्री न उघडता तिघींना शेजारी-शेजारी चालता येते, गप्पा तुटत नाहीत, आणि दुकानांच्या काचा मात्र डोळ्यांसमोरून सरकत राहतात.

मुख्य चौक 'पियात्सा माज्जोरे'. त्याच्या पूर्वेला 'क्वाद्रिलातेरो' नावाचा जुना बाजार आहे. पेस्केरिये वेक्के, द्रापेरिये, क्लावातुरे अशा अरुंद गल्ल्यांत चीजची चाके, टांगलेले डुकराचे मांस, फळे, फुले, ताजा पास्ता अशी दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. याच भागात १४६५ पासून चालत आलेले 'ओस्तेरिया देल सोले' आहे. तेथे फक्त पेय विकत मिळते आणि खाणे ज्याने त्याने बाहेरून आणायचे असते. ताई मद्य घेत नाही, तरीही तिला हीच जागा सर्वांत आवडली, कारण बाजारातून आणलेली पाव, चीज आणि नासपतीची पुडी लाकडी बाकावर उघडून बसण्यास तेथे कोणी भुवई उंचावत नाही.

एक अर्धा दिवस आम्ही पास्ता लाटण्याच्या वर्गासाठी राखून ठेवला होता. हाताने पास्त्याची पारी लाटणाऱ्या बायकांना तेथे 'स्फोल्यीना' म्हणतात आणि ही कला शहराच्या अभिमानाचा विषय आहे. प्रमाण सोपे आहे: शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडे, पाणी अजिबात नाही. लांबलचक लाटण्याने पारी मोठी करत नेताना ती लाटण्यावर गुंडाळून, तळव्यांनी दोन्ही बाजूंना ताणून पुन्हा पसरायची असते. पारीतून पलीकडच्या टेकडीवरचे सान लुका मंदिर दिसले पाहिजे, असे तेथे म्हणतात. आमच्या आजीचे मांडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही अट अतिशयोक्तीची वाटणार नाही. शिकवणाऱ्या बाई आमच्यापैकी फक्त ताईच्या हाताकडे पाहून समाधानाने मान हलवत होत्या, याची नोंद माईने आणि मी थोड्याशा खेदाने घेतली.

'तालियातेल्ले' या पट्टीच्या पास्त्याची रुंदी शिजल्यावर ८ मिलिमीटर असावी, असे १९७२ मध्ये तेथील वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवले गेले असून सोन्याची नमुनापट्टीही ठेवलेली आहे. हे माप शहरातल्या जुन्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग आहे, असेही त्यात म्हटले आहे. खाण्याच्या बाबतीत इतके गंभीर असलेले गाव मला तरी आपलेसे वाटले.

निंबोणी

धागा वाचून मन लगेच तयार झाले, पण एक मोठी शंका आहे. आम्ही दोघी बहिणी शाकाहारी आहोत आणि माझी बहीण अंडेही खात नाही. ज्या शहरातला पास्ताच अंड्याचा आहे आणि ज्याची ख्याती मांसाच्या रस्स्यासाठी आहे, तेथे आमचे खाण्याचे हाल होतील का? कृपया गोड बोलून सांगू नका, खरे सांगा.

पो_खोरे

मी नोकरीनिमित्त काही वर्षे बोलोन्याशेजारच्या मोदेना शहराजवळ राहत आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा थोडा अधिकार मला आहे. हाल होणार नाहीत, परंतु डोळे उघडे ठेवून खावे लागेल. अडचण दिसणाऱ्या मांसाची नाही, न दिसणाऱ्या चरबीची आहे.

प्रथम दोन सारख्या दिसणाऱ्या नावांत गोंधळ करू नका. 'तोर्तेल्लीनी' लहान असतात, त्यांच्या सारणात डुकराचे मांस आणि मोर्तादेल्ला (डुकराच्याच मांसाचे सॉसेज) असते, आणि ते बहुधा कोंबड्याच्या रश्शात वाढले जातात. 'तोर्तेल्लोनी' आकाराने मोठे असतात, त्यांत सहसा रिकोत्ता चीज आणि कधी पालक भरलेला असतो, व ते लोणी आणि सेजच्या पानांबरोबर देतात. तरीही प्रत्येक ठिकाणी सारण विचारूनच मागवावे. दुसरी गोष्ट 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी. येथील तळलेल्या फुगीर पुऱ्या, ज्यांना बोलोन्यात 'क्रेशेंतीने' आणि मोदेनाकडे 'न्योको फ्रित्तो' म्हणतात, त्या परंपरेने याच चरबीत तळतात. 'पियादीना' नावाच्या पोळीच्या कणकेत चरबी किंवा ऑलिव्ह तेल, दोन्हीपैकी काहीही असू शकते, आणि ऑलिव्ह तेलाची पियादीना बऱ्याच ठिकाणी मिळते. बेकरीत साध्या पावासारखी दिसणारी 'क्रेशेंता बोलोन्येझे' मात्र टाळावी, कारण तिच्या पिठातच मांसाचे बारीक तुकडे असतात. 'फ्रिज्जोने' ही कांदा-टोमॅटो मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेली अप्रतिम भाजीही जुन्या पद्धतीत चरबीतच होते.

जी बहीण अंडे खात नाही, तिच्यासाठी 'पास्ता सेक्का', म्हणजे केवळ रवा आणि पाण्यापासून केलेला कोरडा पास्ता, टोमॅटोच्या सॉसमध्ये मागवावा. बहुतेक भोजनालये तो आनंदाने करून देतात. पिझ्झा आहेच. उगोबास्सी रस्त्यावरील 'मेर्कातो देल्ले एर्बे' या मोठ्या छताखालच्या मंडईत भाज्या आणि फळांबरोबर छोटी खाण्याची ठिकाणेही आहेत.

चीजबद्दलही खरेच सांगायचे तर, पार्मिज्जानो रेज्जानो वासराच्या रेनेटनेच (जठरातून काढलेल्या द्रव्याने) विरजले जाते आणि त्याला पर्याय नियमांत नाही. ज्यांना हे चालत नाही, त्यांनी पास्त्यावर चीज न घालण्यास आधीच सांगावे. ज्यांना चालते, त्यांच्यासाठी मात्र एक जोडमाहिती देतो. सुमारे ५५० लिटर दुधापासून चाळीस किलोच्या आसपासचे एक चाक तयार होते, ते किमान बारा महिने मुरवावे लागते, आणि पो नदीच्या या खोऱ्यातल्या गोठ्यांत गेली कित्येक वर्षे गाईंची देखभाल करणाऱ्यांत पंजाबी शीख फार मोठ्या संख्येने आहेत. रेज्जो एमिलियाजवळच्या नोवेल्लारा गावात त्यांचा मोठा गुरुद्वारा २००० पासून आहे. तेव्हा इटलीच्या या सर्वांत प्रसिद्ध चीजमागे आपल्याकडच्या माणसांचे कष्टही आहेत.

निंबोणी

हेच हवे होते. मनापासून आभार. आता घरून काय न्यावे, तेही सांगून टाका. आमचा विचार तूप, पेढे आणि चिवडा नेण्याचा आहे.

पो_खोरे

चिवडा अवश्य न्या. तूप आणि पेढे मात्र घरीच ठेवा, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात आणण्यास मनाई आहे, आणि तपासणीत सापडल्यास ते काढून घेतले जातात. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि कोरड्या भाकऱ्या यांना हरकत नाही.

सह्याद्रीचा_वारा

चर्चा चांगली चालली आहे, परंतु मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. एका भारतीय पर्यटकाला शेंजेन व्हिसाचा खर्च, विमानाचे भाडे आणि रजा यांचा हिशेब करता इटलीत जाऊन कोलोसियम, सिस्टीन चॅपेल आणि व्हेनिसचे कालवे न पाहता परत येणे परवडण्यासारखे नाही. पास्ता लाटणे हा पुण्यातही करता येण्यासारखा उद्योग आहे. सहलीचे पैसे वसूल व्हायला हवेत, मग ती बहिणींची असो वा कुटुंबाची.

शेंडेफळ

तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि ज्यांना इटलीला एकदाच जायचे आहे, त्यांना मी रोम सोडण्याचा सल्ला देणार नाही. परंतु पैसे वसूल होण्याचा प्रत्येकीचा हिशेब वेगळा असतो. ताईचे लग्न झाले तेव्हा मी शाळेत होते आणि माई परदेशी गेल्यापासून आमच्या भेटी लग्न-मुंजींच्या गर्दीत होत आल्या आहेत. आम्हाला सिस्टीन चॅपेलच्या रांगेत मान वर करून उभे राहण्यापेक्षा एका टेबलाशी दोन तास बसणे अधिक हवे होते. आणि तरीही ज्यांना राहवत नाही, त्यांच्यासाठी वेगवान रेल्वेने फ्लॉरेन्स जेमतेम चाळीस मिनिटांवर आहे. सकाळी जाऊन रात्रीच्या जेवणाला परत येता येते. आम्ही माईच्या आग्रहाखातर तसे एकदा गेलो, उफ्फित्सी कलादालनापुढची गर्दी पाहिली, आणि संध्याकाळी बोलोन्याच्या ओवऱ्यांत परतल्यावर ताईने घरी आल्यासारखा सुस्कारा टाकला.

शिवाय बोलोन्यात पाहण्यासारखे काही नाही, असा समज नसावा. बाजाराच्याच गल्लीत 'सांता मारिया देल्ला वीता' नावाचे चर्च आहे, तेथे निक्कोलो देल्लार्काने पंधराव्या शतकात घडवलेला भाजक्या मातीच्या मूर्तींचा समूह आहे. ख्रिस्ताच्या निष्प्राण देहाभोवती शोक करणाऱ्या या माणसांत उजवीकडच्या दोन स्त्रिया अशा धावत आलेल्या आहेत की त्यांचे वस्त्र वाऱ्याने मागे फडफडते आहे आणि तोंडे आकांताने उघडी पडली आहेत. मी आजवर पाहिलेल्या शिल्पांत एवढा आवाज कोणत्याच शिल्पाला नव्हता. दगडी संयमाची अपेक्षा ठेवून आत गेलेल्या आम्ही तिघी बराच वेळ काही न बोलता उभ्या होतो, आणि आमच्या बाबतीत ही गोष्ट सहसा घडत नाही.

चित्रलिपी

शेंडेफळ यांनी या समूहाचा उल्लेख केला, याचा आनंद झाला, कारण बहुतेक प्रवासी त्या दारावरून आइस्क्रीम खात पुढे जातात. मला एक भर घालावीशी वाटते. बहिणींनी एकत्र पाहण्यासाठी इटलीत बोलोन्याइतके योग्य शहर क्वचितच असेल, कारण सोळाव्या ते अठराव्या शतकांत येथे स्त्रियांनी जेवढे काम केले आणि नाव कमावले, तेवढे त्या काळी युरोपात इतरत्र फारसे दिसत नाही.

लाविनिया फोंताना (१५५२-१६१४) ही व्यवसाय म्हणून चित्रे काढणारी आणि त्यावर घर चालवणारी चित्रकार. तिला अकरा मुले झाली आणि नवऱ्याने तिच्या कामात मदतनिसाची भूमिका पत्करली. तिच्यानंतरची एलिझाबेत्ता सिरानी (१६३८-१६६५) अवघी सत्तावीस वर्षे जगली, पण तेवढ्यात तिने सुमारे दोनशे चित्रे केली, वडिलांची चित्रशाळा चालवली आणि मुलींना चित्रकला शिकवली. तिच्या शिष्यांत तिच्या दोन धाकट्या बहिणी, बार्बारा आणि आन्ना मारिया, याही होत्या. एवढी चित्रे बाई स्वतः काढते यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून ती पाहुण्यांसमोर बसून रंगवत असे. तिची समाधी सान दोमेनिको चर्चमध्ये ग्विदो रेनी या थोर चित्रकाराशेजारी आहे. त्याच चर्चमध्ये विशीच्या आतबाहेर असलेल्या मायकेलँजेलोने घडवलेल्या तीन लहान मूर्तीही आहेत, त्या पाहायला विसरू नये.

विज्ञानाकडे वळायचे तर लाउरा बास्सीने १७३२ मध्ये येथील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे भौतिकशास्त्र शिकवले. आन्ना मोरांदी मान्त्सोलिनी (१७१४-१७७४) मेणाच्या शरीरप्रतिमा घडवत असे. पालात्सो पोज्जी या विद्यापीठ संग्रहालयात तिने घडवलेली स्वतःचीच मेणाची प्रतिमा आहे, आणि तीत ती नटून-थटून, दागिने घालून, मानवी मेंदूचे विच्छेदन करते आहे. आर्किजिन्नासियो या १५६३ च्या वास्तूतले लाकडी शरीरविच्छेदनगृहही पाहावे. ते १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले होते. ढिगाऱ्यातून वेचलेले मूळ लाकूड वापरून ते पुन्हा उभारले.

शेंडेफळ

तुमचा प्रतिसाद आम्ही निघण्यापूर्वी वाचायला मिळाला असता तर! पालात्सो पोज्जीत ती मेणाची बाई पाहून माईने तिच्या मोत्यांचे कौतुक केले होते, आणि मग हातातली वस्तू काय आहे ते लक्षात आल्यावर चटकन मागे सरली होती.

जरीकाठ

खरेदीबद्दल अजून कोणीच काही लिहिले नाही, आणि शीर्षकात तर तो शब्द आहे. बहिणींच्या सहलीत खरेदी म्हणजे तोंडी लावणे नव्हे, असे माझे प्रामाणिक मत आहे. पिशव्या, चपला, कापड, यांपैकी तेथे खरोखर घेण्यासारखे काय आहे?

शेंडेफळ

तुमचा रोख मान्य आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

बोलोन्याचा कातडी मालाशी जुना संबंध आहे. फुर्ला ही पिशव्यांची कंपनी १९२७ मध्ये येथेच सुरू झाली, आणि ब्रुनो माल्यी हे पादत्राणांचे नाव ज्या भावंडांनी १९३६ मध्ये उभे केले, त्यांत मारिया ही बहीणही होती. भपकेदार दुकाने पाहायची असतील, तर गालेरिया कावूर आणि फारिनी रस्ता आहे. आम्ही तेथे काचेबाहेरूनच समाधान मानले. रोजच्या वापराचे कपडे इंदिपेंदेन्त्सा रस्त्यावर मिळतात, आणि शनिवार-रविवारी तो रस्ता व त्याला जोडलेले दोन रस्ते गाड्यांना बंद असल्यामुळे मोकळेपणाने फिरता येते. शुक्रवारी व शनिवारी 'पियात्सा ओत्तो अगोस्तो'मध्ये 'ला पियात्सोला' नावाचा मोठा उघडा बाजार भरतो. तेथे नवे-जुने कपडे ढिगाने असतात, आणि ढिगातून नेमके हवे ते उपसण्याचे आपले तुळशीबागेतले शिक्षण कामी येते. बहुतेक महिन्यांत दुसऱ्या शनिवार-रविवारी सांतो स्तेफानो चौकात जुन्या वस्तूंचा बाजार मांडतात. माईने तेथून पितळी दौत घेतली.

मला सर्वांत मोलाची वाटली ती मात्र शेजारच्या रोमान्या भागातली गंजाच्या रंगाने छापलेली कापडे. जाड तागाच्या किंवा सुती कापडावर पेअरच्या लाकडाचे कोरीव ठसे हाताने मारतात, आणि रंगात लोखंडाचा गंज असल्यामुळे तो तांबूस-तपकिरी उतरतो. द्राक्षाचे घोस, कोंबडा, डाळिंब अशी नक्षी असते. बाग छपाई आणि कलमकारी ओळखणाऱ्या आपल्या डोळ्यांना ते ठसे पाहून दूरची नातलग भेटल्यासारखे होते. ताईने टेबलावर अंथरायचा मोठा चौकोन घेतला आणि त्याची साडी होणार नाही, याची हळहळ व्यक्त केली.

खाऊ म्हणून १७९६ पासून चालत आलेल्या मायानीच्या दुकानातले चार थरांचे चॉकलेट घ्यावे. उन्हाळ्यात ते वितळते, एवढे लक्षात असू द्यावे.

पो_खोरे

बाल्सामिक व्हिनेगरबद्दल मी लिहितो, कारण त्यातच पर्यटकांची सर्वाधिक फसगत होते. मोदेना बोलोन्याहून साध्या गाडीने अर्ध्या तासाच्या आत येते. दुकानात 'बाल्सामिको दी मोदेना' असे लिहिलेल्या शेकडो बाटल्या दिसतील. त्यांत व्हिनेगर आणि द्राक्षरसाचे मिश्रण असते आणि सॅलडसाठी ते चांगलेच आहे. 'त्रादित्सियोनाले' हा शब्द असलेला प्रकार निराळा. तो केवळ शिजवलेल्या द्राक्षरसापासून होतो, लहान-लहान होत जाणाऱ्या पिंपांच्या रांगेत किमान बारा वर्षे मुरतो, आणि 'एक्स्त्रावेक्यो' असेल तर पंचवीस. मोदेनाचा असा बाल्सामिक जुज्जारो या मोटारींच्या रचनाकाराने आखलेल्या १०० मिलिलिटरच्या एकाच आकाराच्या बाटलीत मिळतो. दुसऱ्या आकाराची बाटली दाखवली, तर ती मोदेनाची त्रादित्सियोनाले नव्हे. घरात मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांची नवी रांग सुरू करायची आणि लग्नात ती तिला द्यायची, अशी येथील घरांतली जुनी चाल आहे. बहिणींनी एकत्र एखादे असे 'आचेताया', म्हणजे व्हिनेगर मुरवण्याचे ठिकाण, पाहावे, आधी वेळ ठरवून. माळ्यावर ती पिंपे असतात आणि वास जिन्यापासूनच येऊ लागतो.

जरीकाठ

इतक्या खरेदीवर कर परत मिळतो ना?

शेंडेफळ

मिळतो, पण सर्वांना नाही, आणि आमच्यात याच गोष्टीवरून थोडी गंमत झाली. जी व्यक्ती युरोपीय संघाबाहेर राहते, तिलाच ही सवलत आहे. त्यामुळे ताई आणि मी पात्र होतो, तर जर्मनीत राहणारी माई भारतीय पारपत्र असूनही पात्र नव्हती. फेब्रुवारी २०२४ पासून इटलीत ही मर्यादा ७० युरोंवर आली आहे, म्हणजे एका दुकानातील बिल ७० युरोंच्या वर गेले पाहिजे. बिल करतानाच पारपत्र दाखवून कराचा कागद मागावा लागतो. वस्तू न वापरता ठेवायच्या असतात, आणि युरोपीय संघातून बाहेर पडताना विमानतळावर सीमाशुल्क कक्षात नोंद झाल्यावरच पैसे मिळतात. कराचा दर २२ टक्के असला तरी परतावा देणाऱ्या मध्यस्थांचे शुल्क वजा जाता हाती पुष्कळच कमी येते.

गोदाकाठ

माझी आणि माझ्या थोरल्या बहिणीची वये साठीच्या पुढची आहेत आणि तिच्या गुडघ्यांचे दुखणे आहे. ओवऱ्यांचे वर्णन वाचून उत्साह आला, परंतु युरोपातल्या जुन्या शहरांत दगडी चढ-उतार फार असतात, असा अनुभव आहे. आम्हाला झेपेल का?

शेंडेफळ

काकू, बोलोन्याचे जुने शहर बऱ्यापैकी सपाट आहे. ओवऱ्यांखालची फरशी गुळगुळीत असते, मध्येच एखादी-दुसरी पायरी येते, आणि बसायला कॉफीचे दुकान पावलापावलावर आहे. (टेबलाशी बसून घेतलेल्या कॉफीचा दर उभ्याने घेतलेल्या कॉफीपेक्षा जास्त असतो, तसेच जेवणाच्या बिलात 'कोपेर्तो' नावाची माणशी आकारणी असते, ती लबाडी नव्हे.) चढ फक्त सान लुकाच्या टेकडीचा. सारागोत्सा वेशीपासून मंदिरापर्यंत जवळजवळ चार किलोमीटरची सलग ओवरी आहे, तिला ६६६ कमानी आहेत, आणि शेवटचा भाग दमवणारा आहे. मात्र मुख्य चौकातून वर जाणारी पर्यटकांची छोटी गाडी मिळते, ताईनेही तिनेच जाणे पसंत केले. आसिनेल्ली मनोऱ्याच्या ४९८ पायऱ्यांचा प्रश्न आपोआप सुटलेला आहे, कारण शेजारच्या कललेल्या गारिसेंदा मनोऱ्याला धोका निर्माण झाल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन्हींचा परिसर बंद करण्यात आला.

तुम्हा दोघींसाठी एक खास जागा सुचवते. चौकातल्या पालात्सो देल पोदेस्ताच्या खाली कमानींचा एक छेद आहे. त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि कुजबुजले, तर छताच्या गोलाईवरून आवाज घरंगळत दुसऱ्या कोपऱ्यातल्या व्यक्तीला स्पष्ट ऐकू येतो. मधून जाणाऱ्यांना काही कळत नाही. ताईने तेथून मला जे सांगितले, ते येथे लिहिण्यासारखे नाही, पण वहिनींविषयी होते.

निंबोणी

कोणत्या महिन्यात जावे आणि व्हिसाचे काय, एवढे सांगितले की आम्ही तिकिटे पाहायला लागतो.

शेंडेफळ

एप्रिलचा उत्तरार्ध, मे किंवा ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये उकाडा कडक असतो आणि १५ ऑगस्टच्या सणाच्या आसपास स्थानिक लोक सुट्टीवर जातात, म्हणून कित्येक चांगली भोजनालये बंद असतात. राहण्याची जागा ठरवण्यापूर्वी शहरातल्या व्यापारी प्रदर्शनांच्या तारखा पाहा. वसंत ऋतूत सौंदर्यप्रसाधनांचे आणि बालपुस्तकांचे, तर सप्टेंबरात फरश्यांचे मोठे प्रदर्शन भरते, आणि त्या दिवसांत खोल्यांचे भाडे कुठल्या कुठे जाते. पुष्कळ संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे गृहीत धरूनच दिवसांची आखणी करा.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो, परंतु भेटीची वेळ मिळण्यासच उशीर लागतो, त्यामुळे तिकिटांच्या आधी तिकडे लक्ष द्या. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. सगळा मुक्काम इटलीत असल्यामुळे अर्ज इटलीकडेच करायचा, हा एकाच शहरात राहण्याचा आणखी एक फायदा, सह्याद्रीचा_वारा यांनी कृपया नोंदवून घ्यावा.

सह्याद्रीचा_वारा

नोंदवले. माझ्या दोन्ही बहिणींनी हा धागा वाचला असून त्यांची तारीखही ठरत आली आहे. मला मात्र बोलावलेले नाही.